राख प्यालेली माणसं

टीव्हीवाले दर दोन-तीन वर्षांनी आमच्या कामिदानीत येतात आणि तोच प्रश्न विचारतात. शिनोबी, ते जुने निंजा हेर, अजून आहेत का हो इथे? त्यांची शिस्त, त्यांची मूल्यं, काही उरलंय का? कोगाच्या या डोंगरात जन्मलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडापुढे त्यांनी एकदा तरी माईक धरलाय. जिन्पेई सापडला तर तो छाती फुगवून आपल्या खापरपणजोबाची गोष्ट सांगतो. ती दर वेळी थोडी लांबते. मी सापडलो तर सांगतो, चहाची छाटणी चाललीय, बाजूला व्हा.

गेल्या वसंतात आलेल्या पोरीला मात्र मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, होती एक. सदुसष्ट वर्षांची बाई. औषधांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं गोळ्यांची पाकिटं भरली तिने. सध्या तुरुंगात आहे. पोरीला वाटलं म्हातारा टिंगल करतोय. ती गोड हसली आणि माईक घेऊन जिन्पेईकडे गेली.

म्हणून लिहून ठेवतो. बाईचं नाव शिओनो किनुए. मी तोराओ, तिचा शेजारी. या हकिकतीत माझं वागणं शोभणारं नाही, तेही आधीच कबूल करतो.

किनुएचा नवरा कानजी आमच्या फासवाल्यांच्या टोळीत होता. रानडुकरं एका रात्रीत भाताचं शेत लोळून सपाट करतात, म्हणून गावातले सहा जण परवाना काढून डोंगरात तारेचे फास लावतो. डुकराचा पाय अडकला की लांब दांड्याची सुरी घेऊन कुणीतरी जवळ जायचं आणि त्याला संपवायचं. बंदूक कुणाकडे नाही. त्या दिवशी पाळी कानजीची होती. मी त्याच्या मागे दहा पावलांवर. डुकराने तीन हिसके दिले, आणि चौथ्या हिसक्याला त्याचा पाय खुरासकट तुटून तारेत राहिला. तीन पायांवर ते कानजीच्या अंगावर आलं. सुळा मांडीत आतल्या बाजूने घुसला आणि वरपर्यंत फाडत गेला. मी पट्टा काढून मांडी आवळली, दोन्ही हातांनी दाबून धरली, तरी रक्त माझ्या बोटांमधून येतच राहिलं. गरम होतं. खाली आणेपर्यंत कानजी संपला.

अंत्यविधीला किनुएच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. विधी उरकल्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याची सुरी घेऊन ती एकटीच डोंगरात गेली. दुपारी उतरली तेव्हा हात कोपरापर्यंत लाल होते.

"तीन पायांचं होतं," ती मला म्हणाली. "एका वारात गेलं. मांस आणायला दोघं तरी चला, मला एकटीला झेपणार नाही."

आता राखेचं सांगतो. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हंगाम उघडतो. त्या सकाळी टोळी देवळात जमते. एक शपथ कागदावर लिहायची, प्रत्येकाने अंगठा टेकवायचा, मग तो कागद जाळून राख देवळातल्या पाण्यात कालवायची आणि एकाच वाटीतून एकेक घोट सगळ्यांनी प्यायची. आमचे पूर्वज दुसऱ्यांच्या किल्ल्यात शिरायच्या आधी हेच करायचे म्हणतात. त्यांनी किल्ल्यांची गुपितं राखली, आम्ही डुकरांची राखतो. शपथेची कलमं तीन. फासाची जागा परक्याला सांगणार नाही. डोंगरात पाहिलेलं आई-बाप, बायको-मुलं, कुणालाही सांगणार नाही. आणि टोळीतल्या एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानावर घालणार नाही. मोडली तर देव आमची हाडं कुजवोत.

कानजी गेला त्या वर्षी किनुए आली आणि त्याच्या जागेवर बसली. आजवर बाई कधी बसली नव्हती. जिन्पेई आमचा म्होरक्या, तो घसा खाकरून म्हणाला, "किनुए, अगं ही पुरुषांची—"

"तुम्हाला गेल्या हंगामात एका डुकराला किती वार लागले, जिन्पेई-सान?"

"ते डुक्कर मोठं होतं."

"सहा. कातडं मी सोललं होतं," किनुए म्हणाली आणि वाटी त्याच्या हातातून घेतली.

तिच्यासारखं काम मी कुणाचं पाहिलं नाही. आम्ही ओरडत, दगड मारत, घाबरत जायचो. ती डुकरापासून चार पावलांवर, तार पोचणार नाही तिथे, उकिडवी बसायची. सुरी मांडीवर आडवी. डुक्कर फुरफुरायचं, माती उधळायचं, तारेला झोंबून स्वतःचं मांस सोलून काढायचं. ती हलायची नाही. कधी पंधरा मिनिटं, कधी तास. "श्वास उतरू दे," म्हणायची. मग एका क्षणी उठायची, दोन पावलं टाकायची, पुढच्या पायामागे सुरी मुठीपर्यंत जायची आणि बाहेर यायची. रक्ताचा फवारा पालापाचोळ्यावर पडायचा आणि डुक्कर गुडघ्यांवर यायचं. दुसरा वार करावा लागला तर चूक आपली, असं ती मानायची. मला भीती वाटायची तिची. आदरही वाटायचा. दोन्ही एकदमच.

तिची एकुलती एक मुलगी चिगुसा. शिओनोंच्या घरात रडायची पद्धतच नव्हती. चिगुसा आठ वर्षांची असताना आमच्याच पर्सिमनच्या झाडावरून पडली, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि पोरगी घरी जाऊन डाव्या हाताने भात जेवली. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंनी दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं. किनुए ही गोष्ट आम्हाला अभिमानाने सांगायची. आम्हीही माना डोलवायचो. वा, अस्सल शिनोबीची पोर. मीही म्हटलंय हे, एकदा नव्हे, दहादा.

चिगुसाने तिशीत लग्न केलं ते केइगोशी. हा मूळचा नागोयाचा. पलीकडच्या खोऱ्यात पर्यटकांसाठी जे शिनोबींचं गाव उभं केलंय, तिथला तो मुख्य नट. काळे कपडे, तोंडाला फडकं, तीन मजली छपरावरून उडी, फळीवर पोलादी चांदण्यांचा नेम. आणि खेळ संपला की फडकं काढून, एक हात छातीवर ठेवून भाषण. "सहन करणं हेच शिनोबीचं खरं शस्त्र." परदेशी बायका डोळे पुसायच्या. शिओनो हे नाव लावून तो घरजावई झाला, किनुएला "आई" म्हणायला लागला, टोळीत आला, राखही प्याला. दिसायला देखणा, बोलायला लोणी. माझ्या बायकोला तर तो पहिल्याच दिवशी आवडला.

फक्त रक्त बघवायचं नाही त्याला. पहिलं डुक्कर सोलताना बाजूला जाऊन ओकला. तेव्हापासून आम्ही त्याला सोडलं नाही.

"केइगो, उद्या फडकं जरा घट्ट बांध," जिन्पेई म्हणायचा. "ओकारी आली तर आतच राहील."

तो हसायचा. आम्हाला वाटायचं, किती खेळीमेळीचा जावई. घरी जाऊन तो ते हसणं कुणाच्या अंगावर उतरवत होता, ते आम्हाला दिसत नव्हतं. निदान त्या डिसेंबरपर्यंत.

त्या दिवशी वरच्या बांबूच्या रानात दीड माणसाच्या वजनाचा नर अडकला होता. केइगो म्हणाला, आज मी. किनुएने एक शब्द न बोलता सुरी दिली. तो पळतच गेला, ओरडत, खेळात जातो तसा. पहिला वार बरगडीवर घसरला. दुसरा पोटात. तिसरा पुन्हा पोटात, आणि आतडी बाहेर आली. डुक्कर असं किंचाळायला लागलं की खालच्या वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. केइगो डोळे मिटून खुपसत होता. आठ-नऊ वार झाले असतील. मग किनुएने त्याला खांद्याने ढकललं, दांडा काढून घेतला आणि एकदाच मारलं. सगळीकडे एकदम शांत झालं.

"एवढे टाके कापडाला घातले असतेस तर किमोनो झाला असता," जिन्पेई म्हणाला. आम्ही पोट धरून हसलो.

किनुए डुक्कर साफ करायला वर थांबली. केइगो, जिन्पेई आणि मी सामान घेऊन खाली आलो. ट्रकपाशी चिगुसा उभी होती, भाताचे गोळे आणि चहा घेऊन. नवऱ्याचे रक्ताळलेले कपडे पाहून ती नुसती हसली, कौतुकाने. "आज तू मारलंस?"

तिचा डावा हात ट्रकच्या उघड्या दाराच्या चौकटीवर होता. केइगोने तिच्याकडे पाहिलं, दाराची कड धरली आणि सगळी ताकद लावून दार आपटलं. काटकी मोडावी तसा आवाज झाला. मग त्याने दार उघडलं आणि पुन्हा आपटलं.

चिगुसाचा चेहरा हलला नाही. तिने हात हळूच काढून घेतला. दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती, नखांखालून रक्त गळत होतं. उजव्या हाताने तिने चहाचा थर्मास माझ्यापुढे धरला. "घ्या तोराओ-सान, गार होईल."

आणि मी घेतला. चहा प्यालो. जिन्पेईही प्याला. किनुए खाली आली तेव्हा चिगुसा म्हणाली, वाऱ्याने दार आपटलं. त्या दिवशी पानही हलत नव्हतं.

रस्त्यात मी जिन्पेईला म्हटलं, "किनुएला सांगायला हवं."

"तिसरं कलम," तो म्हणाला. "एकाचं दुसऱ्याला नाही. राख प्यालोय आपण."

मी गप्प झालो. देवाच्या धाकाने झालो असं मी बायकोलाही पुढे सांगितलं, पण ते अर्धंच खरं. शपथ आयतीच हाताशी होती. ती नसती तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

फेब्रुवारीत चिगुसाला ताप भरला. फ्लूची साथ होती. केइगो कामावर गेलेला, रविवारचा दिवस, पर्यटकांची गर्दी. किनुए लेकीचं अंग कोमट पाण्याने पुसायला बसली. चिगुसा नको नको म्हणत होती, पण अंगात त्राण नव्हतं. किनुएने सदरा वर केला.

डुकराचं कातडं काढलं की खाली जुने मार दिसतात. कालचा काळा, आठवड्यापूर्वीचा हिरवा, त्याआधीचा पिवळा. किनुएने आयुष्यभर ते वाचलंय. लेकीच्या पाठीवर ती ते खालून वर वाचत गेली. कंबरेपाशी पट्ट्याच्या बकलाचे चौकोन होते. एका बरगडीवर हाड मोडून वेडंवाकडं जुळल्याचा गोळा हाताला लागला. ते वर्षा-दोन वर्षांचं तरी होतं.

"किती वर्षं?" किनुएने विचारलं.

चिगुसा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तूच शिकवलंस ना," चिगुसा म्हणाली. रागाने नाही. वाणसामान कुठे ठेवलंय ते सांगावं तसं.

हे सगळं मला किनुएने त्या दिवशी दुपारी एक वाजता चहाच्या मळ्यात सांगितलं, उभ्या उभ्या, हातात सुरीचा दांडा धरून. मग विचारलं, "डिसेंबरात बोटं मोडली तेव्हा तुम्ही ट्रकपाशी होतात, तोराओ-सान. वारा होता?"

मी झुडपाचं एक पान खुडलं.

"वारा होता का?"

"राख प्यालो होतो, किनुए," मी म्हणालो.

दांड्याचं टोक माझ्या तोंडावर बसलं. मी चहाच्या झुडपांत उताणा पडलो. जिभेवर दाताचा तुकडा आला, तोंड रक्ताने भरलं. ती वाकून माझ्याकडे पाहत होती आणि मला वाटलं आता उलटं टोक येईल, पात्याचं. आलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

"तुझ्या हातांत माझा नवरा मेला," ती म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला अरे-तुरे केलं. "आणि तू तिच्या हातचा चहा प्यालास."

ती निघून गेली. शहाणा माणूस तिच्या मागे गेला असता. मी जिन्पेईकडे गेलो. दोघांनी तीन तास घोळ घातला. पोलिसांना सांगावं का, नको, घरातलं प्रकरण, आधी केइगोशी बोलू, नको, आधी किनुए शांत होऊ दे. चार वाजून गेल्यावर शिओनोंच्या घराकडून पुरुषाचं ओरडणं ऐकू आलं, तेव्हा कुठे आम्ही पळालो.

डुकरं सोलायची त्यांची खोप घरामागे आहे. खोप आणि चहाच्या कुंपणाच्या मधून अरुंद वाट आहे, केइगो गाडी लावून रोज त्या वाटेने घरात जातो. तिथे किनुएने फास लावला होता. मातीने झाकलेला, वर पाचोळा, आमच्यापैकी कुणालाही दिसला नसता. केइगो शेवटचा खेळ करून तसाच आला होता, काळ्या कपड्यांत, पायात तेच कापडी काळे जोडे. तार घोट्याच्या वर आवळली होती. तो खेचत होता तशी ती मांसात जात होती, जोड्यातून रक्त झिरपत होतं. नऊशे माणसांपुढे छपरावरून उडणारा माणूस एका तारेला बांधलेला होता.

चार पावलांवर किनुए उकिडवी बसली होती. सुरी मांडीवर आडवी.

"किनुए-सान," जिन्पेई म्हणाला. आयुष्यभर त्याने तिला नुसतं किनुए म्हटलं होतं. "काय करतेस तू?"

"थांबलेय," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "श्वास अजून उतरला नाही त्याचा."

ती पुढे काय करते ते मी इतक्यांदा पाहिलं होतं.

केइगो आधी रडला. आई, चुकलं, आई. मग शिव्या दिल्या. मग आम्हाला पाहिल्यावर त्याला काय झालं कोण जाणे, तो हसायलाच लागला. "करा ना काय करायचं ते. तुमच्या पोरीने एकदा तरी तोंड उघडलं? या दोघांसमोर बोटं चेचली तिची. चहा पीत होते, विचारा."

किनुए उठली. पहिलं पाऊल. खोपीच्या भिंतीपाशी लाकडाच्या ओंडक्यात कोयता रुतवलेला होता आणि केइगोचा हात तिथे पोचत होता. तो कोयता ती विसरली होती की मुद्दाम ठेवला होता, हे मला अजून ठरवता येत नाही. त्याने तो उपसला आणि ती जवळ येताच सरळ डोक्यावर घातला. तिने डावा हात मधे घातला. कोपराखाली पातं हाडापर्यंत गेलं, हाताचा पुढचा भाग लोंबला. ती थांबली नाही. उजव्या हाताने सुरी मारली. ती त्याच्या खांद्याखालून आरपार गेली आणि मागच्या फळीत रुतली. केइगो भिंतीला खिळला गेला आणि डिसेंबरातल्या त्या डुकरासारखा किंचाळायला लागला.

किनुएने दांडा हिसडून सुरी बाहेर काढली. तिच्या तुटक्या हातातून रक्ताची धार तिच्याच पायांवर पडत होती. पातं केइगोच्या गळ्यापाशी आलं. मी ओरडलो असेन, मला आठवत नाही.

मागच्या दारात चिगुसा आली होती. झोपायच्या कपड्यांत, अनवाणी, तापाने चेहरा लाल.

"आई," ती म्हणाली, "तू याला मारून तुरुंगात मेलीस, तर मी सांगू कुणाला?"

बराच वेळ पातं तिथेच होतं. मग तिने दांडा सोडून दिला आणि होती तिथेच मातीत बसली.

पुढचं काम आम्ही सवयीने केलं. मी माझा पट्टा काढून तिचा दंड आवळला. जिन्पेईने केइगोचा पाय तारेतून सोडवला, खांद्यात टॉवेल कोंबला, अँब्युलन्सला फोन लावला. ती शहरातून यायला पंचवीस मिनिटं. गावच्या पोलीस चौकीतला शिपाई इवामुरा आधी पोचणार हे ठरलेलंच. जिन्पेईने सगळ्यांकडे पाहून हळू आवाजात सांगितलं, "केइगो चुकून फासात अडकला. सोडवताना झटापट झाली, सुरी लागली, कोयता लागला. अपघात. कळलं? नेहमीप्रमाणे. आपण सगळे राख प्यालोय."

केइगो पांढराफटक पडला होता, तरी त्याने मान हलवली. "अपघात. मी तक्रार करणार नाही." त्याला ते परवडणारंच होतं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. किनुए वाचत होती. गावाचं नाव वाचत होतं. चिगुसाने पुन्हा तोच चेहरा केला होता, ट्रकपाशी केलेला.

इवामुरा आला. तिशीतला सरळ पोरगा. वही काढून म्हणाला, "काय झालं?"

"अपघात," जिन्पेई म्हणाला.

"खोटं आहे," किनुए म्हणाली. "फास मी लावला, माणसासाठी लावला. मी भोसकलं. दुसरा वार गळ्यावर करणार होते. लिहा."

"किनुए, अगं तोंड बंद ठेव," जिन्पेई कळवळून म्हणाला. "तुझे वाडवडील जीव गेला तरी बोलले नसते."

"आपले वाडवडील किल्ल्यात शिरायचे, आत काय चाललंय ते बघायचे, आणि जिवंत परत येऊन सांगायचे, जिन्पेई-सान. सांगण्यासाठीच पाठवायचे त्यांना. नुसतं गप्प बसायचं असतं तर धोंडा नेऊन ठेवला असता, त्याला भात तरी घालावा लागला नसता." तिचे ओठ निळे पडत होते. "आपण सगळ्यांनी अर्धंच लक्षात ठेवलं. तोराओ, सांग. वारा होता?"

मी सांगितलं. तुटक्या दाताने बोबडं, पण सगळं. दार दोनदा आपटलं, ते सांगितलं. चहाचंही सांगितलं. देवांना माझी हाडं कुजवायची असतील तर कुजवोत. जिन्पेई खाली बघत होता, पण मी थांबल्यावर म्हणाला, "हो. मीही होतो."

इवामुरा लिहीत होता. मग तो चिगुसाकडे वळला. चांगल्या मनानेच विचारलं त्याने, "एवढी वर्षं हे चाललं होतं, तर तुम्ही कुणालाच का नाही सांगितलं?"



"तिला नका विचारू," किनुए म्हणाली. "ते मला विचारा. सात वर्षांची होती. शाळेतून रडत आली. वर्गातल्या कुणीतरी मारलं होतं तिला, तेच सांगायला आली होती. मी तिला पालथी पाडली. पाठीवर वाळक्या पाल्याची गोळी ठेवली आणि पेटवली. म्हटलं, रडायचं थांबलीस की विझवते. तीन गोळ्या जळल्या. मानेच्या खाली तीन डाग आहेत, दवाखान्यात बघा. ते याने दिलेले नाहीत. माझ्या वडिलांनी मला दिले होते, तसे मी तिला दिले. लिहा."

हे मला माहीत नव्हतं. शेजारी राहून मला माहीत नव्हतं.

इवामुराचं पेन थांबलं. "शिओनो-सान, ते या प्रकरणात येत नाही."

"तिथूनच येतं. लिहा."

त्याने लिहिलं. आणि मग चिगुसाचं तोंड वाकडं झालं, हनुवटी थरथरायला लागली, आणि ती रडायला लागली. सदतीस वर्षांची बाई भोकाड पसरून रडत होती, नाकाचं पाणी ओठांवर येत होतं, ती पुसत नव्हती. रडता रडता आईपाशी गेली आणि तिच्या रक्तात गुडघे टेकून बसली. आवाज खालच्या वस्तीपर्यंत गेला असणार, कारण लोक एकेक करून कुंपणापाशी जमायला लागले.

किनुएने उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला, मानेच्या खाली. तिने लेकीला गप्प बस म्हटलं नाही.